पंचाने हात लावू नये

३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

आपल्या स्वयंपाकघराची ती खिडकी तुला आठवते का? कठड्यावर औषधाच्या बाटल्यांची बुचं ओळीने मांडलेली असायची आणि प्रत्येक बुचावर डिंकाने चिकटवलेला एकेक शिपाई रंग वाळायची वाट बघत उभा असायचा. एका रविवारी दुपारी आपण दोघं तिथे बसलो होतो. मी बारा वर्षांची, तू आठ. मी माझ्या लाल घोडेस्वारांच्या कोटांना पिवळी बटणं देत होते आणि तू तुझ्या निळ्या पलटणीला डोळे काढत होतास. जीभ बाहेर, श्वास रोखलेला. चोवीसच्या चोवीस शिपाई तिरळे झाले. मी हसले, तू रडलास. आई म्हणाली, "घरात लढाया कमी पडतात म्हणून टेबलावर मांडायच्या, आणि वर तिथेही रडारड!" बाबांनी भिंग लावून एकेक शिपाई नीट पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "उत्तम. नेम कुणावर धरलाय ते शत्रूला शेवटपर्यंत कळायचं नाही."

तेव्हापासून ती तिरळी पलटण. त्या दुपारी आणखी काहीच घडलं नाही. मला हल्ली अशाच दुपारी आठवतात.

नऊ वर्षांनी पत्र लिहायचं आणि सुरुवात बुचांपासून! शाळेत सिस्टर सांगायच्या, पत्राचा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात आला पाहिजे. त्या असत्या तर हे पत्र परत देऊन पुन्हा लिहायला लावलं असतं. तर मुद्दा असा. बाबांचं घर मी ३१ मार्चला सोडतेय. लेकीकडे राहायला जाणार. माझा डावा डोळा गेला आणि उजव्याचं ऑपरेशन करायचंय. लेक म्हणते, "आई, तू चहात साखर घालत नाहीस, अंदाज घालतेस." तिचं खरं आहे.

तिच्या घरात मागच्या खोलीतलं टेबल मावणार नाही. सहा फूट बाय चार फूट, वर बाबांनी केलेली नदी, पूल आणि रंगवलेल्या भुशाचं गवत. त्यावर आपला शेवटचा डाव सातव्या चालीवर थांबलाय तो तसाच आहे. दर शनिवारी मी मऊ ब्रशने धूळ झटकते. एकही शिपाई जागचा हललेला नाही. तुझी तिरळी पलटण पुलाच्या दोन बोटं मागे उभी आहे, तू शेवटची पाहिलीस तिथेच.

तू म्हणालास, ती मी हलवली. मी हलवली नाही. तेव्हाही हेच म्हणाले होते.

सुतार ३१ला टेबल सुटं करायला येईल. त्याआधी डाव पुरा करायला येशील का? यायला जमत नसेल तर चाल लिहून पाठव. मी मांडीन, आणि माझी चाल तुला कळवीन.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड आलं. भिंगाखाली धरून चारदा वाचलं, तरी एका मिनिटाच्या वर वेळ लागला नाही. "सातवी चाल. पलटण पुलावर परत ठेव. मग फासा टाक." ना प्रिय, ना तुझा. बाबा असते तर म्हणाले असते, मजकूर कमी आणि कोरा कागद जास्त, पान उठून दिसतंय.

पण अक्षर तुझंच. 'ल'ला अजून तशीच शेपटी काढतोस.

पलटण मी पुलावर ठेवलेली नाही. आधी ऐकून घे, मग सांग, ठेवते.

नियमांची वही तुझ्याजवळ असेलच. बाबा जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होते, पण स्वतःचं म्हणून त्यांनी एवढंच एक पुस्तक छापलं. बारा पानं, तीन प्रती: एक त्यांची, एक तुझी, एक माझी. शिपाईसुद्धा झिजून बाद झालेले खिळे वितळवूनच ओतलेले. "अक्षरं निवृत्त झाली की फौजेत भरती होतात," असं पाहुण्यांना सांगायचे. त्यातला नियम चार आठव. अंतर वितीने मोजायचं, आणि वीत नेहमी समोरच्याची. तू भांडला होतास, "ताईचा हात मोठा आहे!" तर बाबा म्हणाले, "म्हणून तर. तुझी फौज तिच्या हाताने मोजली जाईल आणि तिची तुझ्या. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी लढायचंच कशाला?"

आणि नियम नऊ. पलटणीची निम्मी माणसं पडली की तिच्या धीराचा फासा टाकायचा. विषम आला तर पलटण पळाली. पण सेनापती एका वितीच्या आत उभा असेल, तर फासा टाकायचाच नाही. जवळ आपलं माणूस आहे, पलटण पळत नाही.

आता त्या रविवारची दुपार. तू दोन वर्षांनी आला होतास. हे गेल्यानंतर मी बाबांकडे राहायला आले, त्यालाही तेवढीच वर्षं झाली होती. बाबा पंचाच्या खुर्चीत, मांडीवर नियमांची वही. तुझी तिरळी पलटण पुलावर होती, चोवीसातले बारा पडलेले. तू फासा उचललास आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. तू गच्चीवर गेलास. सेनापती पलटणीपासून एक वीत आणि दोन बोटं लांब होता.

बाबा उठले. काठी न घेता उठले. टेबलावर वाकले आणि पलटण दोन बोटं मागे ओढली, एकेक शिपाई, चिमटीत धरून, छापखान्यात ओळ सरकवायचे तशी. मग परत खुर्चीत बसले.

पलटण सेनापतीच्या वितीत आली, पण पूल मोकळा झाला. तू आत आलास आणि तुला फक्त मोकळा पूल दिसला, आणि पलीकडे माझं घोडदळ.

"ताई, पूल कोणी सोडला?"

"मला काय माहीत?"

"इथे तुझ्याशिवाय आहे कोण? जिंकायचंच होतं तर सांगायचंस, मी तसाच हरलो असतो."

तू बाबांकडे वळलास. "बाबा, तुम्ही पंच आहात. तुम्ही बोला."

आणि बाबा काय म्हणाले ते तुलाही आठवत असेल. त्यांनी आपला शेवटचा, सोळावा नियम म्हटला. "पंचाने हात लावू नये." दोनदा म्हणाले. आणि तुझ्याकडे बघून हसले.

ते खोटं बोलले की दोन मिनिटांपूर्वीचं विसरले, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पलटण परत पुलावर ठेवू का, सांग.

ताई


६ मार्च

प्रिय धाकट्या,

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

या वेळच्या कार्डावर एवढंच. विचारणार हे माहीत होतं. उत्तर तयारही होतं, की बाबांचा मान राखायचा होता. ते उत्तर मी नऊ वर्षं स्वतःला देत आलेय. लिहायला घेतलं तर ओळ पुरी होईना. सिस्टर म्हणायच्या, "खोटं बोलणं वेगळं आणि न सांगणं वेगळं असं जिला वाटतं, ती मुलगी निम्मीच खरी." निम्मी माणसं पडली की फासा टाकावा लागतो, बघ. टाकते.

बाबा विसरायला लागले होते. तू आलास त्याच्या आधी आठ महिन्यांपासून. पहिल्यांदा दुकानाचा रस्ता विसरले, मग आई गेलेली विसरले. रोज सकाळी नव्याने सांगावं लागायचं, म्हणून मी सांगायचंच सोडलं, म्हणायचे, "बाहेर गेलीय, येईल." तुझ्या त्या चार दिवसांत मी त्यांना फार सांभाळलं. सकाळी ताजेतवाने असायचे तेव्हा तुझ्याजवळ बसवायचे, थकले की "बाबा आता पडतील जरा" म्हणून आत न्यायचे. तू पहिल्याच दिवशी म्हणाला होतास, "ताई, काही झालं तर लगेच सांग. माझ्या घराजवळ चांगली संस्था आहे, मी रोज जाऊन बघीन." तू चांगल्या मनाने म्हणालास. पण मला एवढंच ऐकू आलं, की हा त्यांना घेऊन जाईल. मग मी या घरात कुणासाठी उठायचं?

पलटण बाबांनी हलवली असं म्हटलं असतं, तर तू त्यांना विचारलं असतंस, आणि तुला सगळं कळलं असतं. म्हणून मी लबाड ठरले. ते सोपं होतं. तू चिडून एक दिवस आधीच निघून गेलास आणि मला, देवाशपथ, हायसं वाटलं.

पुढचे चौदा महिने तू दर रविवारी त्यांना फोन करायचास, माझ्याशी एक शब्द न बोलता. पुढचं तुला माहीत आहे. तरी एकदा माझ्या हातून लिहिलेलं असू दे. बाबा गेल्यावर तू दोन दिवसांसाठी आलास. खणांवर मी चिकटवलेल्या चिठ्ठ्या तू वाचत गेलास. चमचे. औषधं. गॅस बंद केला का? आणि फोनशेजारची. ती माझ्या अक्षरात होती, शाळेत पहिला नंबर यायचा त्या अक्षरात: "रविवारी फोन येतो तो तुमचा मुलगा. विचारलं तर सांगा, मजेत आहे."

तू ती सोडवलीस, टेबलावर माझ्यासमोर ठेवलीस आणि बॅग भरलीस. तू ओरडायला हवं होतंस. मी त्यांचा निरोप घेऊ दिला नाही तुला. चौदा महिने तू एका चिठ्ठीशी बोलत होतास.

माझी चूक झाली, धाकट्या. मोठी चूक. बाबांना वाचवत होते असं नाही. स्वतःला वाचवत होते.

अजून एक राहिलं. पलटण सरकवल्यावर बाबांनी माझा हात धरला आणि टेबलावर पसरला. सेनापतीपासून पलटणीपर्यंत माझीच वीत मांडून बघितली. समोरच्याची वीत, नियम चार. बरोबर भरली तेव्हा किती खूश झाले! त्यांना आईचं नाव आठवत नव्हतं आणि नियम आठवत होता. तेव्हा माझ्या मनात काय आलं माहीत आहे? चाळीस वर्षं मी यांच्यासमोर खेळले, कितीदा हरले. माझ्यासाठी कधी एक बोटभर तरी सरकवलं यांनी? तुझ्यासाठी मात्र पंचाने नियम मोडला. मी तोंड मिटून बसले त्याचं एक कारण हेसुद्धा होतं. साठीच्या घरातल्या बाईला धाकट्या भावाचा हेवा वाटला. हसायचं तर हस.

तू लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

ताई


१५ मार्च

धाकट्या,

नऊ दिवसांत तुझं काही आलं नाही. बरोबरच आहे. पण हे पत्र उत्तर मागायला लिहीत नाही. एक सापडलंय.

काल बाबांच्या कपाटाचा वरचा खण आवरला. चष्म्याची घरं, छापखान्याचा चिमटा, आणि त्यांची नियमांची वही. त्या दिवशी मांडीवर होती ती. मी ती आजवर उघडली नव्हती. माझी वेगळी आहे ना.

छपाई झाली तेव्हाचा घोटाळा तुला आठवतोय? दुसऱ्यांच्या पुस्तकात बाबांनी एक मात्रा इकडची तिकडे होऊ दिली नाही, आणि स्वतःच्या पुस्तकात शेवटच्या नियमात चूक! "लावू" आणि "नये" यांच्यामधली जागा एक अक्षर पुढे सरकली. छापून काय आलं, तर "पंचाने हात लावून ये." आपण दोघं हसून लोळलो होतो. तू महिनाभर येता-जाता ओरडायचास, "पंचा, भाताला हात लावून ये! पंचा, मांजराला हात लावून ये!" आई म्हणाली, "एवढे मोठे जुळारी, आणि घरच्याच लग्नाला उशीर." बाबा कानापर्यंत लाल झाले आणि जांभळ्या शाईने तुझ्या आणि माझ्या प्रतीत उभ्या रेघा मारून चूक दुरुस्त करून दिली.

स्वतःच्या प्रतीत त्यांनी ती केलीच नव्हती. काय लिहिलंय ते आपल्याला पाठच आहे, असं वाटलं असेल.

मग ते पाठही गेलं. त्या रविवारी मांडीवर वही उघडी होती आणि समोर छापलेलं होतं: पंचाने हात लावून ये. शेवटी शेवटी ते छापलेल्या शब्दावर फार विश्वास ठेवायचे, धाकट्या. खणावर 'चमचे' लिहिलंय म्हणजे आत चमचेच असणार. आणि जन्मभर छापलेल्या ओळीची आज्ञा पाळलेला माणूस तो.

आता मोठ्याने म्हणून बघ. "हात लावू नये." "हात लावून ये." कानाला काही फरक कळतो का? तू विचारलंस आणि त्यांनी सरळ खरं सांगितलं. दोनदा सांगितलं. हसून सांगितलं. आपण दोघांनी आपल्याला पाठ असलेला नियम ऐकला.

ते खोटं बोलले नाहीत, आणि विसरलेही नव्हते.

त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने एकच शब्द आहे. अक्षर थरथरलेलं, शेवटच्या वर्षांतलं. त्याच दिवशीचं आहे अशी शपथ मी घेणार नाही. भिंगाखाली बराच वेळ धरलं तेव्हा लागलं.

"आलो."

तुला हे माहीत असायला हवं, म्हणून लिहिलं. पलटण तिथेच ठेवलीय.

ताई


२७ मार्च

प्रिय धाकट्या,

कार्ड मिळालं. "रविवारी सकाळी येतो. कशालाही हात लावू नकोस." येतोय तोही हुकूम सोडत! लेकीला वाचायला दिलं तर म्हणाली, "मामा रागावलाय का ग?" म्हटलं, नाही, मामा येतोय.

पण तारखांचा घोळ झालाय. माझं ऑपरेशन शनिवारी आहे, रविवारी रात्रभर ठेवून सोमवारी सोडणार. म्हणजे तू येशील तेव्हा घरात कोणी नसेल. किल्ली खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ठेवतेय आणि दाराला तशी चिठ्ठी लावतेय; ती वाचूनच तू आत आला असशील. हे पत्र टेबलाच्या कडेला, नदीच्या अलीकडे ठेवतेय. डॉक्टर म्हणतात, साधं ऑपरेशन आहे. पण साध्या ऑपरेशनच्या आधीसुद्धा बायका कपाटं आवरतातच. तर कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. नंतर घोळ नको.

शिपाई ओतायचे साचे आणि बाबांचा चिमटा डॉक्टरीणबाईंना. त्यांनी त्यांची जुनी अवजारं मला शिपायांच्या नाकाडोळ्यांसाठी वर्षानुवर्षं दिली आहेत, आणि मी कुणाची नाकं कोरते हे कधी हसण्यावारी नेलं नाही.

झाडं, कुंपणं, घरं आणि दारूगोळ्याच्या गाड्या कोपऱ्यावरच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंना. त्या वर्गात लढाया मांडून दाखवतात. त्यांना एवढं सांग, की नदी डावीकडून उजवीकडे वाहते. मुलं उलटी धरतात.

माझी नियमांची वही, रेघ मारलेली, लेकीला. तिला खेळात रस नाही, पण आजोबांची जांभळी शाई तिला हवीय.

माझं लाल घोडदळ, सगळं, तुझ्या मुलीला. माझी भाची असून नऊ वर्षं मी तिला फोटोतच पाहतेय. पिवळी बटणं फार घासू नको म्हणावं. आणि आत्याने स्वतः दिलंय हे सांगायला विसरू नको.

बाबांची वही तुझी. ती चूक कुणीही दुरुस्त करू नये.

टेबल सुतार नेईल, पण मंगळवारी. सोमवारी मला घरी आण. डोळ्यावर पट्टी असेल, तेव्हा मला खुर्चीत बसव आणि कोण कुठे उभं आहे ते सांग. माझ्या बोटांना आता सांधेदुखी आहे, वीत पूर्वीइतकी पसरत नाही; तिने मोजलं तर तुझ्या फौजेचं नुकसान होईल. म्हणून या डावापुरतं दोन्ही बाजू तू मोज. तू सांगशील तेवढं अंतर.

आणि तिरळी पलटण. ती तुझीच, पण मी तुला ती बांधून ठेवलेली नाही. सेनापती तिच्यापासून एका वितीवर आहे. पुलावर परत ठेवायची की तिथेच राहू द्यायची, ते तुझं तू ठरव. फासा मात्र टाकू नकोस.

दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर आहे, भेटीची वेळ अकरापासून. पण निघायच्या आधी एक कर. पलटणीला हात लावून ये.

तुझी,
ताई